गजकर्ण परत परत येतंय? मलम, कपडे आणि कॅलेंडर यांचा नीट क्रम

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं. गिऱ्हाईक जरा पुढे वाकतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, "ते खाजेचं मलम द्या, मागच्या वेळी नेलं होतं ना, तेच." मागच्या वेळी नेलेलं मलम पुन्हा लागतंय, म्हणजे मागच्या वेळी काहीतरी चुकलं होतं. बहुतेकांचं चुकतं ते ठरलेल्या पाच-सहा जागी, आणि त्या सगळ्या जागा टाळता येण्यासारख्या आहेत.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं आणि गोळ्या ठरवणं हे त्वचारोगतज्ज्ञांचं काम. पण चिठ्ठी घेऊन घरी गेल्यावर काय बिघडतं ते मला रोज दिसतं, म्हणून हा लेख. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. चौथी पायरी सोडून पाचवी केली, तर पाचवीचे पैसे वाया जातात.

## पायरी १: हे गजकर्णच आहे ना?

अंगाला खाज सुटली की आपल्याकडे सरसकट "खरूज झाली" नाहीतर "ॲलर्जी आहे" म्हणून मोकळे होतात. पण या प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

गजकर्ण, नायटा, दाद. नावं तीन, आजार एकच, आणि तो बुरशीचा. ही बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. एका जागी रुजते आणि तिथून चहूकडे बाहेर सरकते, म्हणून रिंगण तयार होतं. कड उंचावलेली, लालसर किंवा काळपट, तिच्यावर बारीक कोंडा, आणि मधली त्वचा बरीचशी साधी. जांघ, कंबर, नितंब, काख आणि स्तनांखालची घडी या तिच्या आवडत्या जागा. घाम आल्यावर खाज वाढते.

शिबं. छाती, पाठ, मान, खांदे इथे फिकट किंवा तपकिरी ठिपके, खाज नसल्यासारखीच. हे मॅलासेझिया नावाच्या बुरशीचं काम. ती निरोगी माणसाच्या त्वचेवरही कायमची वस्तीला असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. म्हणून शिबं असताना अंगाला तेल चोळणं म्हणजे तिला जेवू घालणं. शिब्यांवर डॉक्टर बऱ्याचदा बुरशीनाशक शाम्पूच अंगाला लावायला सांगतात. बुरशी गेल्यावरही फिकट डाग भरून यायला काही महिने लागतात, तेव्हा डाग दिसतोय म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नका.

चिखल्या. ओल्या चपला-बुटांमुळे पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली, फाटलेली त्वचा. बहुतेकदा बुरशीच, पण कधी तिच्या जोडीला जिवाणूही असतात.

खरूज. ही बुरशी नव्हेच. डोळ्यांना सहज न दिसणारी कीड त्वचेत घर करते. रात्री खाज वाढते, हाताच्या बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर पुरळ येतं, घरातले दोघं-तिघं एकदम खाजवू लागतात. बुरशीचं मलम इथे काहीच करत नाही.

> थांबा. चट्ट्याला खाज नाही आणि त्यावर कापूस फिरवला तर कळत नाही, असं असेल तर मलम लावत बसू नका. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. वेळेवर गेलात तर हातापायाच्या नसा वाचतात.

चट्टा चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखात असेल, रुग्ण लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, मधुमेह असेल, किंवा चट्टे दोन-तीन ठिकाणी पसरले असतील, तर घरगुती प्रयोगात एक दिवसही घालवू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण तर नुसत्या मलमाने जातच नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते. तिथे गोळ्या लागतातच.

## पायरी २: घरात असलेली ट्यूब उजेडात धरून वाचा

ही पायरी बहुतेक जण करत नाहीत, आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

ट्यूबवरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर त्या मलमात स्टेरॉइड आहे. शेजारी टर्बिनाफिन किंवा मायकोनाझोल असलं तरी फरक पडत नाही. आपल्याकडे एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि एक-दोन जिवाणूनाशकं घातलेली मलमं सर्रास विकली जातात.

स्टेरॉइड काय करतं? खाज आणि लाली या तुमच्या शरीराने बुरशीशी चालवलेल्या झटापटीच्या खुणा आहेत. स्टेरॉइड ती झटापटच बंद पाडतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी बिनविरोध पसरत राहते. ट्यूब संपली की दुप्पट खाज. मग दुसरी ट्यूब.

एक रिक्षावाला तरुण आमच्याकडे आला होता. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून, टोकाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब त्याने काउंटरवर ठेवली आणि तसलीच नवी मागितली. आठ महिने लावत होता. मी त्याला बाजूला घेऊन चट्टा दाखवायला सांगितलं. कमरेवर एका रिंगणाच्या आत दुसरं रिंगण उठलेलं. जांघेतली त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आणि तिच्यावर बोटभर लांब लालसर रेघा, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा. ट्यूब मी दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. नंतर त्याचं गजकर्ण गेलं. रेघा राहिल्या, आणि त्या जाणार नाहीत. त्याचं वय तेव्हा चोवीस होतं, मला अजूनही वाईट वाटतं.

२०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही ती हातोहात मिळतात. आमच्या व्यवसायातल्या लोकांचा यात दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. पण तुम्ही वाचून नाकारलीत तर ती ट्यूब तुमच्या घरात येणार नाही.

> तपासा. शेजाऱ्याने दिलेली, गावच्या बाजारात घेतलेली, "गोरं करणारी" म्हणून आणलेली, अशा सगळ्या ट्यूबांची अक्षरं वाचून झाली का?

> थांबा. स्टेरॉइड बंद केल्यावर काही दिवस चट्टा भडकतो. लाली आणि खाज वाढते. "नवं औषध सोसलं नाही" असं समजून जुन्या ट्यूबकडे परत वळू नका. आणि अंगाच्या मोठ्या भागावर कित्येक महिने लावत असाल तर आपल्या मनाने एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना सांगा.

लसूण ठेचून बांधणं, लिंबू चोळणं, रॉकेल किंवा फिनाईल लावणं हेही इथेच थांबवा. लसणाने अक्षरशः भाजल्यासारखे फोड येतात, आणि फोडाखाली बुरशी जिवंतच राहते. टाकळ्याचा पाला वाटून लावणारे अजून खूप आहेत. टाकळ्याची भाजी पावसाळ्यात जरूर खा, पण पसरलेल्या गजकर्णावर पाला बांधून महिना दवडू नका.

## पायरी ३: डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

१. वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. "पांढरं मलम होतं" यावरून कुणालाच काही कळत नाही.

२. रोजच्या गोळ्यांची यादी न्या. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पित्त, सगळ्या. कारण पायरी ६ मध्ये येईल.

३. जमलं तर तपासणीच्या आधी आठवडाभर चट्ट्यावर काही लावू नका. निदान त्या दिवशी सकाळी तरी तेल, पावडर, मलम लावून जाऊ नका.

तपासणी अगदी साधी असते. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचेच्या पट्टीवर खरवडून घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. थोड्या वेळात त्वचेचा कचरा विरघळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. डॉक्टर याला केओएच म्हणतात. दुखत नाही, खर्चही फार नसतो. बुरशी वाढवून पाहण्याची तपासणी मात्र दोन ते चार आठवडे घेते, ती सगळ्यांना लागत नाही.

४. घरात आणखी कोण खाजवतंय ते आधीच विचारून ठेवा. नवऱ्याला आहे आणि बायको लाजेने सांगत नाही, हे मी फार पाहिलंय. दोघांचा उपचार एकाच वेळी झाला नाही तर दोघंही बरे होत नाहीत.

## पायरी ४: मलमाच्या आधी घर

औषधाची पहिली बोटभर रेघ अंगाला लागण्याआधी हे झालेलं असावं. गळून पडलेल्या कोंड्यात ही बुरशी महिनोन् महिने टिकते. तुम्ही अंगावरची मारता आणि टॉवेलावरची परत अंगावर घेता.

करदोटा काढा. हे मी मुद्दाम पहिलं लिहितोय. कमरेचा काळा दोरा घामाने ओला राहतो, त्वचेला घासतो आणि त्याच्या पिळांमध्ये कोंडा अडकतो. एका शाळकरी मुलाचं कमरेचं गजकर्ण तीनदा बरं होऊन तीनदा आलं. चौथ्या वेळी त्याच्या आजीने दोरा कापायला होकार दिला. श्रद्धेचा मान ठेवूनही हे करता येतं: उपचार संपेपर्यंत उतरवा, नंतर नवा कोरा बांधा. जुना धुऊन परत बांधू नका. पायातला काळा दोरा, मनगटावरचे गंडे, घट्ट अंगठी यांनाही हेच लागू.

टॉवेल. प्रत्येकाचा वेगळा, आणि चट्ट्यासाठी आणखी एक लहान पंचा वेगळा. त्याच टॉवेलाने आधी जांघ आणि मग काख पुसली की बुरशी वर चढते. साबणाची वडी आणि घासणीही वेगळी. वज्रीने चट्टा घासायचा नाही. घासल्याने खाज भागते, पण त्वचा सोलवटते आणि बुरशी पसरते.

कपडे. रुग्णाचे कपडे वेगळ्या बादलीत, हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात (साठ अंशांच्या आसपास) भिजवा, मग धुवा. वाळत घालताना उलटे करा, म्हणजे अंगाला लागणाऱ्या शिवणीला ऊन मिळेल. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ऊन मिळत नाही. तिथे कपडा वाळला की आतून, विशेषतः शिवणीवर आणि इलॅस्टिकवर, गरम इस्त्री फिरवा. दमट चड्डी "अंगावर वाळेल" म्हणून घालणं हे पावसाळ्यातल्या निम्म्या दुखण्याचं मूळ आहे असं माझं मत आहे.

जीन्स आणि लेगिंग्ज काही आठवडे कपाटात ठेवा. सैल सुती कपडे वापरा. तालमीत जाणाऱ्यांनी लंगोट रोज धुवावा, एकमेकांचा वापरू नये, आणि चट्टा बरा होईपर्यंत कुस्ती धरू नये. अंगाला अंग लागून हा आजार पैलवानांत सहज फिरतो.

जनावरं. मुलांना अचानक गजकर्ण झालं आणि घरात मांजर किंवा गोठ्यात वासरू असेल, तर त्याच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे आहेत का ते पाहा. असतील तर पशुवैद्यालाही बोलवा.

> तपासा. दोरा उतरवला? टॉवेल वेगळे? चादर बदलली? घरातल्या बाकीच्यांना दाखवून झालं? चारही उत्तरं "हो" असतील तरच पुढे.

## पायरी ५: मलम लावण्याची पद्धत

चिठ्ठीवर ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन, क्लोट्रिमाझोल, सर्टाकोनाझोल यांपैकी काहीतरी असेल. ल्युलिकोनाझोल सहसा दिवसातून एकदा लावतात, क्लोट्रिमाझोल दोन-तीनदा. चिठ्ठीवर असेल तेच पाळा.

१. साध्या साबणाने अंघोळ करा. पाणी कोमट.

२. वेगळ्या पंच्याने टिपून कोरडं करा, घासू नका. मग दहा मिनिटं पंख्याखाली बसा. ओलसर त्वचेवर मलम थापलं तर ओल आत कोंडली जाते.

३. बाहेरून आत लावा. हात आपोआप मध्यावर जातो, कारण चट्टा तिथे दिसतो. पण जिवंत बुरशी कडेला आणि कडेच्या बाहेर असते. चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड बोट, बाहेर साध्या दिसणाऱ्या त्वचेवर सुरुवात करा आणि गोल फिरवत मध्याकडे या.

४. हात साबणाने धुवा. नखं कापलेली ठेवा. खाजवलेल्या नखांतून बुरशी पार पाठीपर्यंत जाते.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आता हिशोब करा. दोन्ही जांघा आणि त्यांच्या बाहेरची दोन सेंटिमीटर धरून चार तळहात जागा झाली, तर एका वेळेला एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावायचं असेल तर दहा ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. "एक ट्यूब महिनाभर पुरवली" असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला कळतं, हा माणूस पुन्हा येणार.

> थांबा. मलमावर लगेच पावडर टाकू नका. दोघांचा चिखल होतो आणि मलम त्वचेला लागत नाही. उपचार चालू असताना जांघेतले केस वस्तऱ्याने काढू नका, लागलंच तर कात्रीने बारीक करा.

## पायरी ६: गोळ्या असतील तर

गोळ्या डॉक्टरच ठरवतील. पण घेण्याची पद्धत चुकली तर चांगली गोळीही पोटातून तशीच निघून जाते.

साध्या इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं. म्हणून ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. आणि आपल्याकडे काय होतं? गरम पडेल म्हणून माणूस सोबत पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी घेतो. आम्ल बंद, कॅप्सूल वाया. पित्ताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. याच औषधाच्या सुबा नावाच्या प्रकाराची मात्रा आणि नियम वेगळे आहेत, म्हणून दुकानदाराने "सेमच आहे" म्हणत दुसरा प्रकार पुढे केला तर घेऊ नका.

इट्राकोनाझोल हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. टर्बिनाफिन घेताना यकृताकडे लक्ष द्यावं लागतं. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मित्राचं पाकीट बघून कोर्स सुरू करू नका.

## पायरी ७: थांबायचं कधी?

खाज आठवड्याभरात कमी होते. तिथेच बहुतेक जण थांबतात. बुरशी तेव्हा अर्धमेली असते, आणि अर्धमेली सोडलेली बुरशी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा रिंगण काढते.

कॅलेंडरवर तीन खुणा करा. पहिली, मलम सुरू केलेला दिवस. दुसरी, चट्टा पूर्ण साफ दिसला तो दिवस. तिसरी, त्याच्या पुढे दोन आठवडे. मलम तिसऱ्या खुणेपर्यंत. सगळं मिळून चार ते सहा आठवडे सहज लागतात, जुन्या आणि पसरलेल्या गजकर्णाला त्याहूनही जास्त.

"साफ" कशाला म्हणायचं? डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. खरखर किंवा उंचवटा लागला तर बुरशी आहे. त्वचा सपाट, गुळगुळीत, फक्त काळपट असेल तर तो नुसता डाग आहे. डाग महिन्यांनी आपोआप फिका पडतो. तो घालवायला गोरं करणारं क्रीम आणू नका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं, आणि तुम्ही पायरी २ वर परत याल.

## पायरी ८: सगळं नीट करूनही गेलं नाही तर

आधी नखं पाहा. पायाचं एखादं नख जाड, पिवळट, चुरा होणारं झालं असेल तर बुरशीची साठवण तिथे आहे. मोजे-चड्डी घालताना ती रोज जांघेपर्यंत पोचते. म्हणूनच आधी मोजे, मग चड्डी घालावी. नखाच्या उपचाराला महिने लागतात आणि नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष.

मग साखर तपासा. आधी कुणी सांगितलं नसलं तरी मधुमेह असू शकतो.

आणि तिसरी शक्यता, बुरशीच चिवट असण्याची. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव तुमच्या रिपोर्टवर दिसू शकतं. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून २०२० साली ते दिलं गेलं. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्यातच या बुरशीच्या अनेक वाणांत बदल झालेला असतो, त्यामुळे घाव बसत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्याही अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या डॉक्टरांना "टर्बिनाफिनने फरक पडला नाही" आणि "भारतात जाऊन आलो" ही दोन वाक्यं आवर्जून सांगावीत. तिथे अजून सगळ्यांच्या डोक्यात ही शक्यता चटकन येत नाही.

चार आठवडे काटेकोर लावून, घरच्यांचा उपचार करून, करदोटा काढूनही कड खरखरीतच लागत असेल, तर मलमाची पुढची ट्यूब घेऊ नका. रिकाम्या ट्यूबा आणि कॅलेंडरचं ते पान घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा. डॉक्टर बदललात तर नव्या डॉक्टरांना सुरुवातीपासून सगळं सांगावं लागतं, आणि तेवढ्या आठवड्यांत चट्टा आणखी बोटभर पुढे सरकतो.